भिंतीवर चढणारी पोरं आणि चढण्याची रीत



गेल्या हंगामात, जानेवारी महिन्यात, एक वयस्कर सभासद आमच्या कचेरीत आले. उसाच्या बिलाची काहीतरी तक्रार असणार असे समजून आम्ही खुर्ची पुढे केली. पण बिलाचं राहिलं बाजूला. "आमचा नातू पळत जाऊन भिंतीवर चढतोय," ते म्हणाले. "गावातली आणखी सात-आठ पोरं आहेत बरोबर. मोबाइलवर बघत्यात आन् करत्यात. तुम्ही वार्तापत्रात छापा की हे खूळ वाईट आहे. छापलेलं असलं म्हणजे दाखवता तरी येतं." नातवाचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. सैन्यभरतीचा मेळावा तीन आठवड्यांवर आलेला. दोन वर्षे पहाटे उठून पोरगं धावलेलं, आणि ऐन वेळी मनगट मोडून घरात बसलेलं. भरतीचं वय काही थांबत नाही. आजोबांचा राग रास्तच होता.

छापू, असे आम्ही कबूलही करून टाकले. मात्र न पाहता छापणे बरे नव्हे म्हणून दुसऱ्या दिवशी सायंकाळी आम्ही संपादक मंडळातले तिघे त्या पोरांकडे गेलो. जोडीला सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले आपलेच एक सभासद होते. रंगरुटांना अडथळ्यांच्या मैदानावर पळवण्यातच त्यांची बरीच नोकरी गेली. पोरांचा खेळ पाहिल्यावर आमचे मत बदलले. म्हणून आजोबांना कबूल केलेला लेख न लिहिता दुसराच लिहीत आहोत. त्यांनी तो पुरता वाचावा आणि मग काय बोलायचे ते बोलावे.

पोरं ज्याला 'पार्कूर' म्हणतात ती विद्या मूळची फ्रान्सची. पार्कूर म्हणजे त्यांच्या भाषेत मार्ग, वाटचाल. वाटेत भिंत, कठडा, पायऱ्या, चर, जे काही येईल ते ओलांडून, न थांबता आणि अंगाला इजा न होऊ देता पुढे जायचे, इतकाच तिचा अर्थ. हिची मुळे शोधत गेले की जॉर्ज एबेर नावाच्या फ्रेंच नौदल अधिकाऱ्यापाशी जाऊन थांबावे लागते. १९०२ च्या मे महिन्यात कॅरिबियन समुद्रातील मार्तिनिक बेटावर पेले नावाचा ज्वालामुखी फुटला आणि सेंट पिएर हे शहरच्या शहर जळून गेले. त्या वेळी एबेर तेथे बचावकार्यात होता. सुमारे सातशे माणसांच्या सुटकेत त्याचा हात होता असे सांगतात. माणूस नुसता बलवान असून भागत नाही, ते बळ वेळेला कुणाच्या तरी उपयोगी पडले पाहिजे, हा विचार त्याने पुढे आयुष्यभर धरला. चालणे, धावणे, चार पायांवर सरपटणे, चढणे, उडी, तोल, उचलणे, फेकणे, पोहणे, स्वसंरक्षण, अशी त्याची व्यायामाची पद्धत होती. फ्रेंच सैन्यातील अडथळ्यांच्या शर्यतीवर या पद्धतीचा मोठा प्रभाव आहे.

याच पद्धतीच्या मैदानावर रेमोंद बेल नावाचा एक पोरका मुलगा वाढला. जन्म १९३९ चा, व्हिएतनाममधील ह्यू शहरातला. युद्धात आईबापांची ताटातूट झाली आणि तो लष्करी शाळेत वाढला. १९५४ साली फ्रान्सला आला आणि पुढे पॅरिसच्या अग्निशमन दलात भरती झाला. आग लागलेल्या घरात शिडी पोचत नाही तिथे चढणे, हा त्याचा रोजचा धंदा. १९६९ साली पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चच्या कळसावर कुणी झेंडा बांधून ठेवला होता, तो काढायला हेलिकॉप्टरमधून दोराने खाली सोडलेला माणूस हाच. त्याचा मुलगा डेव्हिड बेल, जन्म १९७३. पॅरिसच्या दक्षिणेला लीस नावाचे उपनगर आहे. तिथे या डेव्हिडने आणि त्याच्या मित्रांनी शाळेच्या भिंती, जिने आणि तळ्याकाठचे एक मोठे चढाईचे शिल्प यांवर बापाची विद्या घोटली, आणि तिलाच पुढे पार्कूर हे नाव पडले. पुढे सिनेमे निघाले, मोबाइल आले आणि ती आपल्या गावच्या पारापर्यंत येऊन पोचली. २०१७ साली ब्रिटनने तिला खेळ म्हणून मान्यता दिली आणि २०२२ साली टोकियोत तिची पहिली जागतिक स्पर्धाही झाली. तेव्हा हे निव्वळ खूळ आहे असे म्हणता येणार नाही. एवढे सांगून मूळ मुद्द्याकडे वळतो.

मुद्दा असा की पोरांनी मोबाइलवर पाहिला तो शेवट. एक माणूस धावत येतो, भिंतीवर पाय मारतो आणि दुसऱ्या क्षणाला वर उभा असतो. त्याआधीची पाच-सात वर्षे त्यात दिसत नाहीत. आमच्या या नातवाचे नेमके तेच झाले. एका बंद पडलेल्या गोदामाची दहा फुटी भिंत. धावत आला, हात कडेला लागले, एक कोपर वर टाकले, दुसरा हात खालीच लोंबत राहिला. सगळा भार एका खांद्यावर. झोका घेऊन दुसरे कोपर वर आणायला गेला तर वरच्या थरातली वीट निघाली. विटेसकट पाठीमागे आला आणि पडताना हात ताठ करून मागे टेकला. मनगट तिथेच गेले. आम्ही पोरांकडून हे तीनदा ऐकून घेतले, कारण एवढ्या एका पडण्यात चार चुका होत्या. भिंत आधी तपासली नव्हती. ताकदीच्या मानाने भिंत उंच निवडली होती. कोपरे एकदम वर आली नाहीत. आणि पडायचे कसे हे कुणी शिकवले नव्हते.

आता पाऊल. हवालदारांनी पहिल्या दिवशी पोरांना फक्त भिंतीकडे चालत जाऊन पाऊल टेकवायला सांगितले. पोरं हिरमुसली. पण खरी गोम तिथेच आहे. भिंतीवर पाऊल दाबले की भिंत आपल्याला मागे लोटते. आणि त्याच दाबामुळे तळवा भिंतीला धरून बसतो. तो धरून बसला तरच खाली रेटा देऊन अंग वर उचलता येते. म्हणजे दाब हवाही आणि फार नकोही. धावत आल्याचा जो वेग असतो तो या मागे लोटण्याला खाऊन टाकतो आणि तेवढ्या क्षणात आपण खाली रेटून वर निघायचे असते. वेग फार कमी पडला तर भिंत आपल्याला परत अंगणात पाठवते. फार जास्त झाला तर गुडघा किंवा छाती भिंतीवर आपटते.

ज्यांना हे बोलणे अवघड वाटेल त्यांनी आपल्या फडात जाऊन ट्रक भरताना पाहावे. डोक्यावर उसाची मोळी घेऊन तोडणी कामगार अरुंद फळीवरून वर चढतो. तो मध्ये थांबत नाही, पायाकडे बघत नाही, नजर वरच्या टोकाला. पाऊल पडते ते पुढच्या चवड्यावर. फळीच्या मध्यावर जो थबकला त्याची मोळी गेली आणि कदाचित तोही गेला. फळी तिरकी असते आणि भिंत उभी, हा फरक मोठा आहे खरा. पण चढावर वेग मोडू द्यायचा नाही ही अक्कल दोन्हीकडे तीच. ती फ्रान्सहून आणायची गरज नव्हती.

पाऊल कुठे टेकवायचे? साधारण स्वतःच्या कंबरेच्या उंचीवर. बहुतेक पोरं हुरुपाने छातीइतके वर टेकवतात. मग अंग मागे कलते आणि भिंत उताणे पाडते. गुडघ्याइतके खाली टेकवले तर पायात रेटा द्यायला जागाच राहत नाही. जमिनीवरून उडी घ्यायची ती भिंतीपासून आपल्या एका पायाच्या लांबीइतक्या अंतरावरून, म्हणजे तीन फुटांच्या आसपास. फार जवळून घेतली तर गुडघा आधी लागतो. फार लांबून घेतली तर ताठ पाय भिंतीवर पोचतो आणि तळवा खाली ओघळतो. आणखी एक गोष्ट पोरांच्या लक्षात येत नव्हती. जमिनीवरची शेवटची उडीच वरच्या दिशेने हवी. ती पुढच्या दिशेने घेतली तर भिंतीवरच्या पावलाने एकट्याने किती करायचे? कोणता पाय जमिनीवर आणि कोणता भिंतीवर, हे ज्याचे त्याने करून ठरवावे. धाव पाच-सहा पावलांची पुरते. वीस पावले लांबून सुसाट येणारा आमच्या पाहण्यात एकही वर पोचला नाही.

पाऊल भिंतीला लागताना हात वर निघालेले हवेत, नजर कडेवर. टाचेने नव्हे, चवड्याने रेटायचे. रेटा पुरा होईपर्यंत, म्हणजे गुडघा सरळ होईपर्यंत, पाय उचलायचा नाही. इथे बहुतेकांची घाई होते. भिंतीला पाय लागल्याबरोबर हाताने कड पकडायची धडपड सुरू, आणि पायातला अर्धा रेटा तसाच शिल्लक राहतो.

हिशेब करून पाहा. साडेपाच फुटी मुलाचा हात उभ्याने सव्वासात फुटांपर्यंत पोचतो. जागेवरून उडी मारली तर पावणेनऊच्या आसपास. भिंतीवर एक पाऊल बरोबर पडले तर त्यावर आणखी फूट-दीड फूट मिळतो. म्हणून हवालदारांनी पोरांच्या हातात खडू दिला. वर चढायचे नावच काढायचे नाही, पाऊल टेकवून जमेल तेवढ्या उंचीवर खडूची रेघ ओढायची आणि दोन पायांवर खाली यायचे. दहा वेळा. कुणाची रेघ किती वर गेली ते दिसते, कोण किती शक्ती लावतो ते दिसत नाही, आणि पोरांना तेच मानवले. एकाने पहिल्या आठवड्यात रेघ पाच बोटे वर नेली, आणि त्याने केले काय, तर पाऊल वीतभर खाली आणले!

कड हाताला लागली म्हणजे काम झाले असे नाही. उलट खरे अपघात इथून पुढे होतात. लोंबकळताना हात सरळ, दोन्ही पायांचे चवडे भिंतीला लागलेले, एक जरा वर एक जरा खाली, आणि ढुंगण भिंतीपासून थोडे बाहेर. ते भिंतीला चिकटले की पायांचा भार भिंतीवर पडत नाही आणि चवडे घसरतात. मग पायांनी रेटत आणि हातांनी ओढत एका दमात वर यायचे. अंग वर निघालेले असतानाच दोन्ही कोपरे एकदम कडेच्या वर फिरवायची. छाती कडेवर झुकवायची, तळहात खाली दाबून हात सरळ करायचे. आता आपण कंबरेपर्यंत भिंतीच्या वर आहोत. मग पाऊल वर ठेवायचे, गुडघा नव्हे. गुडघा ठेवला की चामडी जाते, आणि विजार फाटली म्हणून घरी बोलणी बसतात ती वेगळी.

हे ओढण्याचे काम बीम मारणाऱ्या मुलांना जमते. भरतीसाठी ते बीमवर दहा-दहा वेळा हनुवटी नेतातच. पण अर्ध्यावर आले की अडकतात, कारण बीमला वरचा अर्धा भाग नसतो. तिथून पुढे अंग ढकलून वर न्यायचे असते, आणि ते काम जोर मारणाऱ्याचे. आपल्या तालमीत जुनी माणसे जोर आणि मल्लखांब दोन्ही करून घेत, त्यात ओढणे आणि ढकलणे दोन्ही आपोआप येई. हल्ली तालमीला कुलूप आणि पोरं नुसती बीमला लोंबकळतात. असो, तो वेगळा विषय आहे.

सराव वरून खाली करावा, ही हवालदारांची सूचना आम्हाला फार पटली. छातीइतक्या उंचीची, पक्की, सिमेंटने बांधलेली भिंत घ्यावी. हात टेकून, जरा उडी घेऊन, हात सरळ करून वर टेकायचे. तिथून अगदी सावकाश, मोजून पाच आकड्यांत, खाली उतरायचे. दोन्ही कोपरे एकदम खाली फिरतात की नाही हे पाहायचे. उतरताना जे अंगात बसते तेच चढताना उपयोगी पडते. हे दहा वेळा नीट झाले तर डोक्याइतकी भिंत. ती जमली तर हातभर उंच. एका कोपराने चढायची सवय लागली की ती जाता जात नाही आणि खांदा धरतो. आठवड्यातून तीन दिवस सराव पुष्कळ झाला. तळहाताची साल निघाली, मनगट किंवा कोपर आतून दुखू लागले, तर दुखणे जाईपर्यंत भिंतीकडे फिरकू नये. वाढत्या वयाच्या पोरांनी तर नाहीच.

खाली येण्याची गोष्ट पोरं कधी दाखवत नाहीत, कारण मोबाइलमध्ये ती कापलेली असते. नऊ फुटी भिंतीवरून उभ्याने उडी टाकणे म्हणजे नऊ फूट पडणे. तेच पोटावर पालथे होऊन, कड धरून, पूर्ण लोंबकळून सोडले तर पडायचे अंतर दोन फुटांहून कमी उरते. एका पायाने भिंतीला हलकेच रेटून अंगणाकडे वळायचे आणि चवड्यांवर, गुडघे वाकवून उतरायचे. उतरल्याचा आवाज येता कामा नये. हवालदार पाठ करून उभे राहत आणि ज्याचा धप्प आवाज झाला त्याला पुन्हा चढवत.

आणि हात सुटलाच तर? भिंतीला पायाने रेटून तिच्यापासून सुटायचे, दोन पायांवर यायचे आणि वेग जास्त असेल तर लोळण घ्यायची. लोळण सरळ पाठीच्या कण्यावरून नव्हे, एका खांद्यावरून तिरकी दुसऱ्या बाजूच्या कंबरेकडे. ताठ हात मागे टेकायचा नाही तो नाहीच. ही लोळण शिकायला तालमीच्या हौद्यातल्या तांबड्या मातीसारखी जागा नाही. पोरांनी कुलपाची किल्ली मागितली आणि चार संध्याकाळी हौदा पुन्हा खणला गेला, हेही येथे मुद्दाम नमूद करतो.

आता भिंतींविषयी थोडे, कारण फ्रान्समधल्या भिंती वेगळ्या आणि आपल्या वेगळ्या. आपल्याकडे मातीत बांधलेल्या विटा, वरचा थर नुसता ठेवलेला, कुठे कंपाउंडच्या माथ्यावर काचा लावलेल्या. चढण्यापूर्वी शिडी लावून कड हाताने हलवून पाहावी. चुन्याच्या भिंतीवर तळवा घसरतो, पावसाळ्यात शेवाळामुळे तर हमखास. दगडी भिंतीच्या सांदीत हात घालू नये, तिथे साप-विंचू असतो हे आपल्याला सांगायला नको. वरून विजेची तार गेली असेल तर ती भिंत सोडून द्यावी. पत्र्याच्या छपरावर उतरू नये. विहिरीच्या कठड्याजवळ सराव नाही, कितीही सोयीचा वाटला तरी नाही. आणि दुसऱ्याच्या परसाची भिंत चढू नये. आत बायामाणसे असतात, आणि अंधारात भिंतीवर दिसलेल्या पोराला कुणी पार्कूर विचारत बसत नाही.

एक गोष्ट राहिली. दुसऱ्या आठवड्यात कामगार वसाहतीतली एक मुलगी बाजूला उभी राहून पाहत होती. शाळेतली, अंगाने किरकोळ. बीम एकदाही निघणार नाही अशी. हवालदारांनी तिलाही खडू दिला. तिची रेघ बहुतेक मुलांच्या खाली होती, उंचीच कमी. पण डोक्याइतक्या भिंतीवर ती तिसऱ्या प्रयत्नात चढली, कारण तिने पायांचा रेटा अर्धवट सोडला नाही आणि कोपरे एकदम फिरवली. ज्या मुलांकडे ताकद होती त्यांनी ताकदीवरच भागवून नेले होते, तिला तेवढी नसल्याने रीत धरावी लागली. पोरं थोडा वेळ गप्प झाली.

आजोबांनी सुचवल्याप्रमाणे आवारभिंतीवर काचा लावाव्यात, असेही कुणी म्हणतील. आमचे मत उलट आहे. पोरं चढणार ती चढणारच. काचा लावल्या तर ती लांबच्या, पडक्या, कुणाच्या नजरेत नसलेल्या भिंतीकडे जातील. त्यापेक्षा वसाहतीच्या मागची जी सिमेंटची भिंत आहे तिच्या पायथ्याशी दोन ट्रॉली वाळू टाकावी, आणि सायंकाळी पाच ते सहा या वेळेत हवालदारांनी तिथे बसावे, अशी विनंती आम्ही व्यवस्थापनाला केली. वाळू आली. हवालदार बिनपगारी बसतात. चहा मात्र घेतात.

नातवाचे प्लास्टर फेब्रुवारीअखेर निघाले. भरतीचा तो मेळावा गेला, पुढचा कधी ते जाहीर व्हायचे आहे. भरतीच्या चाचणीत भिंत नाही. धाव आहे, बीम आहे, नऊ फुटी खड्डा आहे. त्यामुळे भिंतीचे नाव काढायचे नाही, असे आजोबांनी बजावले होते. डॉक्टरांनी हात टेकायला दीड महिना मनाई केली, तेवढे दिवस तो फक्त पाऊल टेकवून मागे यायचा. आता खडू हातात घेतला आहे. आजोबा वाळूच्या कडेला बसून असतात. बोलत काही नाहीत, पण परवा आम्ही गेलो तेव्हा पोरगं धावत निघण्याआधी ते उठले, भिंतीजवळ गेले आणि काठीने माथ्यावरची प्रत्येक वीट ठोकून पाहू लागले. पोराची रेघ अजून कडेपासून चार बोटे खाली आहे.